दोन साक्षीदारांच्या सह्या

फ्लॅट क्र. ६, गोदाविहार सोसायटी,
सातारा परिसर, औरंगाबाद
शुक्रवार, २९ एप्रिल २०१६

केशव,

रविवार, १७ एप्रिल २०१६ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या सारजाबाईंच्या अंगणात, त्यांच्या बोअरच्या पेटीजवळ, त्यांच्या डोक्यात सव्वा इंची लोखंडी पाइप बसला. घड्याळ मी पाहिलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, तक्रार लिहिताना आधी तारीख, मग वेळ, मग घटना, आणि राग सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी लिहून झाल्या.

तू माझा सख्खा भाऊ आहेस, या सोसायटीचा चेअरमन आहेस आणि माझ्या डोक्यावर दोन मजले राहतोस. तरी हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने येईल. पोचपावतीवर मला तुझी सही हवी आहे. तोंडी बोललेलं तू नंतर कसं फिरवतोस ते मी लहानपणापासून बघत आले आहे.

सारजाबाई मंगळवारी दुपारी घाटी दवाखान्यात वारल्या. नऊ दिवस डोळा उघडला नाही. आपल्या अठ्ठेचाळीस फ्लॅटांपैकी स्मशानात कोण आलं सांगू? मी, आणि तुझ्या-माझ्या घरची भांडी घासणारी आवडाबाई. संस्कृतीला हर्सूलच्या तुरुंगातून दोन तासांसाठी आणलं होतं. बावीस वर्षांच्या पोरीने आजीला अग्नी दिला तो एका हाताने. दुसऱ्या हाताला बेडी होती आणि बेडीचं टोक पोलीसबाईच्या हातात.

तू पोलिसांना लिहून दिलं आहेस की म्हातारी ओल्या फरशीवरून पाय घसरून पडली आणि नातीने डोकं फिरल्यासारखं, जीवे मारण्याच्या हेतूने, तुझ्या खांद्यात दाभण खुपसलं.

ओली फरशी! एप्रिल २०१६ मध्ये, सातारा परिसरात, ओली फरशी! टँकर येऊन सहा दिवस झाले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बायका एका बादलीवरून एकमेकींच्या झिंज्या ओढत जिन्यावरून खाली आल्या होत्या, एकीचा दात माझ्या दारात पडला होता. तो मीच झाडून टाकला. माणसं थुंकताना विचार करत होती. आणि तुला घसरण्यापुरती ओली फरशी सापडली. निदान खोटं तरी हवामान बघून बोल.

पाइप कुणाच्या हातात होता हे मी या पत्रात लिहीत नाही. तुला माहीत आहे. मी पोलिसांना काय सांगितलं तेही तुला माहीत आहे.

मागणं एकच आहे. ठाण्यावर जा, तुझी फिर्याद खोटी होती असं लिहून दे. पोरगी सुटली पाहिजे. तिच्या जामिनाची सुनावणी १८ मे रोजी आहे आणि एम.एस्सी.चा शेवटच्या सत्राचा पहिला पेपर २३ मे रोजी.

लेखी उत्तर दे.

कालिंदी


गुरुवार, ५ मे २०१६

केशव,

मंदार येऊन गेला. तुझा मुलगा भला आहे, म्हणूनच तू त्याला पुढे करतोस.

“आत्या, पप्पा म्हणतात कागद पाठवू नका. काय असेल ते फोनवर बोला.”

“का रे? पप्पांना वाचता येत नाही?”

“तसं नाही हो. खांद्याला नऊ टाके आहेत. लिहिता येत नाही त्यांना.”

“टाके डाव्या खांद्याला आहेत. पप्पा उजव्या हाताने लिहितात. उजव्या हाताने आणखी काय काय करतात ते विचार त्यांना.”

बिचारा चपला शोधायला लागला. जाता जाता म्हणाला, “पप्पांनी सांगितलंय, तुमच्या फ्लॅटला वेगळी लाइन देतो म्हणून. त्या बोअरवरूनच.” मी दार लावून घेतलं. त्या दाराच्या फटीतून त्याने तुझं शेवटचं वाक्य आत टाकलं: “आणि म्हणाले, एका शिपाईबाईसाठी सख्ख्या भावाला कोर्टात ओढू नका.”

तर त्या शिपाईबाईविषयी लिहिते. तू पाच वर्षं तिच्या अंगणाशेजारी गाडी लावलीस, पण तिचं आडनावही तुला ठाऊक नसेल.

बहात्तरच्या दुष्काळात करमाडच्या बाजूने खडी फोडायला आलेल्या बायकांत सारजाबाई होत्या. बावीस वर्षांच्या, कडेवर पोर. पुढे विद्यापीठात रोजंदारीवर लागल्या, मग परीक्षा विभागात शिपाई म्हणून कायम झाल्या. मी तिथे कारकून म्हणून आले तेव्हा त्या दारात बसून गठ्ठे शिवत होत्या. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मांजरपाटात गुंडाळायचा, दाभणाने सुतळी ओवून शिवायचा, गाठीवर वितळलेली लाख ओतायची आणि लाख गरम असतानाच शिक्का दाबायचा. त्यांचा डावा अंगठा वाकडा होता. नवऱ्याने, साहेबरावाने, तो दारूच्या नशेत उंबऱ्यावर ठेवून वरवंट्याने ठेचला होता, का तर भाकरी गार होती. त्यानंतर चौथ्या दिवशी त्या कामावर आल्या आणि साहेबराव घरी आला तेव्हा त्याचं सामान रस्त्यावर होतं. “अंगठा मोडला त्यो मोडला, मॅडम. सुतळी अडकवायला बरा झाला आता.” हे त्या हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही, आणि त्याचंच त्यांना हसू यायचं.

त्या खोलीत एक नियम होता. सीलबंद गठ्ठा एकट्याने कुणी फोडायचा नाही. कुलगुरू आले तरी नाही. दोन साक्षीदार उभे करायचे, त्यांनी सील निरखायचं आणि लिहायचं: ‘सील अखंड होतं, माझ्या समक्ष उघडलं.’ खाली सही. मगच कातरी. एकतीस वर्षं सारजाबाईंनी कातरी लावण्याआधी माझी सही बघितली. वाचता जेमतेम यायचं, पण माझी सही हजारांत ओळखायच्या.

मार्च एक्याण्णवमध्ये दुपारी तीन पोरं आत घुसली. तुला आठवत असेल, माझ्या गळ्याला टाके पडले होते आणि तू बघायला येऊन जेवून गेला होतास. एकाने सुरा माझ्या गळ्याला लावला. “बी.कॉम.चा गठ्ठा काढा, मॅडम.” सुऱ्याचं टोक आत गेलेलं मला कळत होतं, ब्लाउजमध्ये रक्त उतरत होतं. सारजाबाई स्टोव्हपाशी होत्या. म्हणाल्या, “थांब बाबा, देते. तिला कापू नको.” उठल्या, आणि लाखेची उकळती पळी त्याच्या सुरा धरलेल्या हातावर उपडी केली. लाख पाण्यासारखी ओघळत नाही, केशव. ती धरून बसते. तो झटकायला गेला तसं कातडं हातमोज्यासारखं निघून आलं. तो जनावरासारखा ओरडला. उरलेली दोघं पळाली. सारजाबाईंनी पायाने सुरा कपाटाखाली सारला, माझ्या गळ्यावर मांजरपाटाचा बोळा दाबला आणि म्हणाल्या, “पंचनामा करून घ्या, मॅडम. गठ्ठ्याचं सील शाबूत हाय.”

शहाण्णवमध्ये त्यांची मुलगी आशाबाई चितेगावला सासरी जळून मेली. स्टोव्हचा भडका, असं सासरचे म्हणाले. सारजाबाई ऑफिसातूनच गेल्या, दाभण कमरेला खोचलेलं. कोणाला काय बोलल्या ते कधी सांगितलं नाही. संध्याकाळी दोन वर्षांची संस्कृती घेऊन परत आल्या आणि त्यांच्या पदराला दुसऱ्या कुणाचं तरी रक्त होतं. दुसऱ्या दिवसापासून पोर शिवणीच्या टेबलाखाली, मांजरपाटाच्या ताग्यावर झोपायला लागली.

मी त्यांना मेमो दिला. हो, दिला. गोपनीय विभागात लहान मूल आणल्याबद्दल लेखी खुलासा मागितला.

“ह्यो कागद लई बरा हाय, मॅडम,” त्या म्हणाल्या. “पोरीच्या डोळ्यावर ऊन येतंय. खिडकीला लावू का?”

आणि लावला. पिवळा पडेपर्यंत तो तिथे होता. त्याच टेबलाखाली पोरगी बाराखडी शिकली, पाढे शिकली, आणि पुढे त्याच विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात शिकायला गेली. तिला प्रवेश मिळाला त्या दिवशी सारजाबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी पेढे घेऊन परीक्षा विभागात प्रत्येक टेबलावर गेल्या. माझ्या घरी आल्या तेव्हा डबा रिकामा होता. “तुमचा राह्यला,” म्हणाल्या, आणि माझ्याच डब्यातली साखर माझ्या हातावर ठेवली.

ही ती शिपाईबाई.

तिने अठ्ठ्याण्णवमध्ये इथे प्लॉट घेतला तेव्हा इथे बाभळी आणि दगड होते. बोअरला पाणी लागलं. आपण नंतर आलो, चार बोअर मारले, चारही कोरडे. यंदा जानेवारीपासून ती रोज सकाळी तासभर मोटार चालवायची आणि येईल त्याला दोन हंडे द्यायची, आपल्या सोसायटीलासुद्धा. मग पत्र्याची पेटी बंद, कडीला सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर जुन्या चार आण्याचा ठसा. मी म्हटलं, कुलूप लावा की. त्यावर म्हणाल्या, “कुलूप कुणी बी फोडतंय. सील फोडायला चार मान्सांत यावं लागतंय, मॅडम.”

एकतीस वर्षांत एवढंच त्या चुकीचं शिकल्या. आणि शिकवणारी मी होते.

लेखी उत्तर दे. मंदारला पाठवू नकोस.

कालिंदी


रविवार, ८ मे २०१६

केशव,

आज सकाळी साडेनऊला तू स्वतः आलास. माझं पत्र माझ्या तोंडावर फेकलंस, शोकेसची काच फोडलीस आणि माझा हात मागे पिरगाळून विचारलंस, “आणखी काय काय लिहिणार आहेस?” मनगटावर तुझी चार बोटं निळी उमटली आहेत. आवडाबाई ओट्यापाशी होती, तिने तुला लाटणं दाखवलं म्हणून तू गेलास. जाताना म्हणालास, “सही तुझी पण आहे त्या कागदावर, ताई. विसरू नकोस.”

विसरले नाही. त्यावरच पुढचं पत्र येईल. मनगटाचा फोटो आवडाबाईच्या मुलीने काढून ठेवला आहे.

कालिंदी


बुधवार, ११ मे २०१६

केशव,

आता लपवायचं राहिलेलं लिहिते. हे पत्र दोन प्रतींत आहे. दुसरी प्रत संस्कृतीच्या वकीलबाईंकडे, नीरजांकडे, पाकिटात बंद आहे.

त्या सकाळी तू माझ्या दारात आलास. मी दोन दिवस आंघोळ केली नव्हती, स्वतःच्या घामाच्या वासाने मला मळमळत होतं. तू म्हणालास, “ताई, म्हातारी पेटीवर बसलीये. म्हणते, सील फोडायचं तर दोन साक्षीदार पाहिजेत, आणि त्यात मॅडम पाहिजेत. फक्त पाण्याची पातळी मोजायची आहे. चल, सही कर.” मला हसू आलं. तुझ्याबरोबर मीही हसले, सारजाबाईंना.

खाली मोटार बसवणारा कडुबा उभा होता, त्याची तीन माणसं, दोरखंड, पाइप, नवी मोठी मोटार गोणपाटाखाली. ती मी पाहिली. पातळी मोजायला मोटार कशाला लागते, हे मी विचारलं नाही. सारजाबाई पेटीवर मांडी घालून बसल्या होत्या, शांत. मला बघून म्हणाल्या, “आल्या का. आता हरकत नाय. वाचून घ्या मॅडम, मंग करा सही.”

मी वाचलं नाही. एकतीस वर्षं कागद वाचून पोट भरलेली बाई, तिने तो कागद वाचला नाही. खालच्या ओळीत सवयीने लिहिलं, ‘सील अखंड होतं, माझ्या समक्ष उघडलं,’ आणि सही केली. वरच्या अर्ध्या पानावर सारजाबाईंनी बोअर टंचाई संपेपर्यंत सोसायटीच्या ताब्यात दिल्याचं तू टाइप करून आणलं होतंस. दुसरा साक्षीदार कडुबा. त्यांचा अंगठा तुम्ही त्या बेशुद्ध पडल्यावर घेतलात. तो उजवा आहे. सारजाबाई अंगठा नव्हे, सही करायच्या, आणि करायच्या ती डाव्या हाताने. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझी सही बघून त्या उठल्या. त्यांना उठवायला तुला दुसरं काही लागलं नाही.

कडुबाने त्यांची जुनी मोटार वर ओढायला घेतली तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी दोरखंडाला मिठी मारली. “सोडा साहेब, पोरीच्या वाटचं पानी हाय ते. दोन हंडे कमी देते म्हनलं का कधी?” तू पहिला घाव मनगटावर घातलास. हाड मोडल्याचा आवाज सुक्या लाकडासारखा आला. त्यांनी दोर सोडला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मॅडम, सांगा की ह्यांना.”

मी काही सांगितलं नाही.

दुसरा घाव तू डोक्यात घातलास. तूच. कडुबाने नाही, त्याच्या माणसांनी नाही. मी दोन हातांवर उभी होते, तुझा उजवा हात वर गेलेला मी पाहिला, आणि खाली येताना तुझी जीभ दातांत धरलेली पाहिली. लहानपणी दांडूने माझी भुवई फोडलीस तेव्हाही ती तशीच होती. तेव्हा मी दादांना सांगितलं होतं, पाय घसरून पडले. तू अकरा वर्षांचा होतास. मला वाटलं, वडिलांच्या हातचा तुझा मार वाचवला.

संस्कृती दंतमंजन तोंडात घेऊन बाहेर आली. आजीच्या डोक्यातून रक्त येताना पाहिलं, दारामागच्या टोपलीतलं दाभण उचललं आणि तुझ्या खांद्यात मुठीपर्यंत घातलं. तिसऱ्यांदा उचललेला पाइप तेव्हा तुझ्या हातातून पडला. तिसऱ्यांदा. ती मध्ये आली नसती तर घाटीपर्यंत न्यायलाही काही उरलं नसतं. हे मी पोलिसांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं, “माझी पाठ होती. मी काही पाहिलं नाही.” माझ्या सहीने दिलेला तो जबाब फाइलमध्ये आहे.

आणि तेवढंच नाही. पोरीला पोलिसांनी गाडीत घातलं, सारजाबाईंना रिक्षात घातलं, आणि कडुबाने नवी मोटार बोअरमध्ये सोडून बटण दाबलं. रक्तावरूनच पाइप ओढला होता. पहिलं पाणी गढूळ आलं, मग स्वच्छ. आपली माणसं बादल्या घेऊन उभी राहिली. कुणी ढकलाढकली केली नाही, सगळे शिस्तीत उभे होते, गेल्या चार महिन्यांत असं झालं नव्हतं. साडेअकराला माझ्या बाथरूमच्या नळाला पाणी आलं. मी दार लावलं आणि आंघोळ केली. डोक्यावरून केली. पाणी गार होतं आणि मला बरं वाटलं.

हे लिहून झालं. आता राग.

वकीलबाई म्हणतात, एकदा काही पाहिलं नाही म्हणणारी साक्षीदार नंतर पाहिलं म्हणाली तर समोरचा वकील तिला सोलून काढेल. माझा नवा जबाब एकट्याने पोरीला सोडवेल याची खात्री नाही. तुझ्या हातचा कागद सोडवेल. म्हणून मी तुझ्याशी बोलते आहे, नाहीतर तुझ्याशी बोलायचं आता काही राहिलेलं नाही. तू अटक होशील हे मला माहीत आहे. तुझी बायको माझं तोंड बघणार नाही, मंदार बघणार नाही, सोसायटी माझं पाणी तोडेल. खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावरही गुन्हा होईल. चौसष्टाव्या वर्षी हर्सूलला जायचं झालं तर जाईन. तिथे निदान संस्कृतीच्या समोर उभं राहून तिला सांगता येईल की तिच्या आजीने शेवटचं कुणाला हाक मारली होती आणि ती बाई गप्प का राहिली. अजून सांगितलेलं नाही. स्मशानात ती माझ्या गळ्यात पडून रडली, कारण तिला वाटतं मी तिच्या बाजूची आहे.

सोमवार, १६ मे २०१६, सकाळी अकरा वाजेपर्यंत तुझ्या हाताने लिहिलेलं, तारीख आणि सही असलेलं उत्तर मला मिळालं पाहिजे. सारजाबाईंना दोन्ही घाव तू घातलेस, तिसरा घालणार होतास, आणि संस्कृतीने तो अडवला, एवढं त्यात असावं. टाइप केलेलं चालणार नाही. उत्तर मिळालं तर आपण दोघं एका रिक्षाने ठाण्यावर जाऊ आणि तुझा कागद तू स्वतः दे. मिळालं नाही तर अकरा वाजून पाच मिनिटांनी मी एकटी निघेन.

फोन करू नकोस. दार वाजवू नकोस, मी उघडणार नाही. कागद दाराखालून सरकव.

कालिंदी